भाड्याच्या गाडीनं ठोकलं तर? बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे नेहमीचे प्रश्न

लग्नसराई आणि मे महिना आला की माझा फोन वाजायला लागतो. पुण्याहून स्वतः चालवायची गाडी घेऊन आलेला भाचा, गोव्यात उचललेली गाडी चोर्ला घाटानं वर आणणारे चुलतभाऊ, पाहुण्यांसाठी चार दिवस सात सीटर घेणारे शेजारी. प्रश्न तेच असतात. मी वकील नाही आणि विमा एजंटही नाही. अशीच एक भाड्याची गाडी चालवताना उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलो आणि पुढचे अडीच महिने कागदांमागं फिरलो. त्या फेऱ्यांत जे कळलं आणि नंतर कायदा उघडून जे ताडून पाहिलं, ते इथं लिहितोय.

आत्ताच धडक झालीय. पहिली पाच मिनिटं काय करू?

इंजिन बंद करा, चारही इंडिकेटर लावा आणि माणसं बघा. आपल्या गाडीतली, समोरच्या गाडीतली आणि दुचाकी असेल तर रस्त्याकडेच्या गटारातसुद्धा. जांबोटीच्या पुढं किंवा अनमोडच्या वळणांवर असाल तर एकाला मागं साठ-सत्तर पावलांवर हात दाखवायला उभं करा. आपल्याकडं रस्त्यावर झाडाची हिरवी फांदी टाकतात. ती पद्धत अडाणी नाही, घाटात लांबून दिसणारी खूण तीच.

जखमी कुणी नसेल तर गाडी बाजूला घेण्याआधी फोटो काढा. दोन्ही गाड्यांचे नंबर, रस्त्यावरची चाकांची खूण, फुटलेली काच कुठं पडलीय ते आणि जवळचा किलोमीटरचा दगड. जखमी असेल तर फोटो राहू द्या, आधी माणूस.

फोन कुणाला करायचा?

पोलीस आणि एकूणच मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. कोगनोळी ते हिरेबागेवाडी हा पुणे-बेंगळूर हायवेचा पट्टा असेल तर १०३३ सुद्धा. त्यावर हायवेची गस्तीची गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन मिळते.

आपल्या भागात एक खोच आहे. बाची, शिनोळी, कोगनोळी अशा ठिकाणी मोबाईल कुठल्या राज्याचा टॉवर पकडेल सांगता येत नाही. उभे कर्नाटकात आणि फोन उचलला महाराष्ट्रातल्या माणसानं, असं होऊ शकतं. म्हणून पहिल्याच वाक्यात राज्य, तालुका आणि जवळचं गाव सांगा. 'बेळगाव-वेंगुर्ला रोड, बाचीच्या अलीकडं, कर्नाटक' एवढं पुरतं. कणकुंबीच्या पुढं रेंज जाते-येते. तिथं समोरून येणाऱ्या गाडीला थांबवून 'रेंज आली की १०८ ला सांगा' म्हणणं जास्त खात्रीचं.

दवाखाना कुठला?

जवळचा. खानापुरापाशी असाल तर खानापूर, मग गरज लागली तर बेळगावचं सिव्हिल किंवा नेहरूनगरचं केएलई. निपाणीकडचे लोक कोल्हापूरच्या सीपीआरला जातात, तेही ठीक. हद्दीचा विचार इथं करूच नका. दवाखान्यात 'अपघात आहे, एमएलसी करा', म्हणजे पोलिसांना कळवायची केस म्हणून नोंदवा, असं स्पष्ट सांगा. 'घरी पडलो' असं सांगून पोलीस टाळणारे मी पाहिलेत. पुढं भरपाई मागताना तोच कागद अंगावर येतो.

५ मे २०२५ पासून केंद्राची रस्ता अपघातग्रस्तांसाठीची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, माणशी १.५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार त्यात बसतो. काउंटरवरच्या माणसाला आठवण करून द्यावी लागली तर द्या. आणि जो वाटसरू जखमीला घेऊन आलाय त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं त्याला संरक्षण आहे. त्याला हे सांगा, बिचारा घाबरलेला असतो.

लोक जमलेत, अंगावर येतायत. तिथंच थांबायचं का?

कलम १३४ म्हणतं की चालकानं जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची. पण त्याच कलमात जमावाच्या रागाचा अपवाद लिहिलेला आहे. जिवाला धोका वाटला तर तिथून निघा, पण सरळ जवळच्या पोलीस स्टेशनला जा. कायदा जास्तीत जास्त २४ तास देतो, तुम्ही २४ मिनिटांत पोचा. जाता जाता ११२ ला फोन करून 'अमुक ठिकाणी जखमी आहे, मी अमुक स्टेशनला निघालोय' असं सांगितलंत तर पळून गेल्याचा ठपका टिकत नाही. न कळवता गायब झालात तर कलम १८७ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

गाडी भाड्याची आहे, आपलं नाव कुठंच नाही, असं समजून निघून जाणारेही असतात. कलम १३३ खाली पोलिसांनी विचारल्यावर मालकाला चालकाचं नाव आणि लायसन्सचा तपशील द्यावाच लागतो. तुमच्या लायसन्सची प्रत गाडी भाड्यानं देणाऱ्या कंपनीच्या फायलीत आहे, सेल्फीसकट.

समोरचा म्हणतो इथंच मिटवू. मिटवू का?

आरसा फुटला, पत्र्याला ओरखडा आला, कुणाला लागलं नाही, एवढंच असेल तर जगात सगळीकडं मिटवतात. पण गाडी आपली नाही. कंपनीला न विचारता हजार-दोन हजार देऊन मोकळे झालात तर तुम्ही चूक कबूल केली असा अर्थ निघतो, आणि कंपनी आपल्या नुकसानीचे पैसे तुमच्याकडून घेतेच ते वेगळं. आधी कंपनीला फोन. मग मिटवायचंच ठरलं तर दोघांची नावं, गाड्यांचे नंबर, तारीख, 'कुणालाही इजा नाही' हे वाक्य आणि दोघांच्या सह्या. माणूस जखमी असेल, अगदी 'थोडं खरचटलंय' म्हणत असला तरी, मिटवू नका. खरचटलेला गुडघा दुसऱ्या दिवशी एक्स-रेत वेगळा दिसतो.

अपघात नेमका कुठल्या राज्यात झाला तेच कळेना. कुठलं स्टेशन?

जवळचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती कुठल्याही स्टेशनला नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. नंतर ते कागद योग्य स्टेशनला जातात. शिनोळीच्या पलीकडं चंदगड पोलीस, अलीकडं बेळगावचे. आंबोलीहून येताना जिथं पाटी कन्नड होते तिथं पोलीसही बदलले, एवढं धोरण पुरे.

भरपाईच्या दाव्याला मात्र ही सीमा आडवी येत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडं अर्ज जिथं अपघात झाला तिथं करता येतो, किंवा दावेदार राहतो तिथं, किंवा ज्याच्यावर दावा आहे तो राहतो तिथंही. आंबोलीत जखमी झालेल्या बेळगावकराला सिंधुदुर्गात हेलपाटे घालायची गरज नाही.

सगळे कागद कन्नडमध्ये आहेत. सही करू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि याचं उत्तर मी जरा सविस्तर देणार आहे.

इकडं घटनास्थळाच्या पंचनाम्याला 'महजर' म्हणतात. हवालदार रस्त्यावर उभं राहून तो लिहितो, पंच सह्या करतात, सोबत नकाशा काढतात. माझ्या वेळी त्यांनी गाडीच्या बॉनेटवर पॅड ठेवून दोन पानं लिहिली. मला कन्नड वाचता येतं ते दुकानाच्या पाटीपुरतं. पण बोलीतले दोन शब्द आपल्याकडं सगळ्यांनाच माहीत असतात, एडगडे म्हणजे डावीकडं आणि बलगडे म्हणजे उजवीकडं. मी म्हटलं, 'साहेब, जरा वाचून दाखवा की.' त्यांनी भराभर वाचलं. तिसऱ्या-चौथ्या ओळीला 'बलगडे' ऐकू आलं. ट्रॉली तर डाव्या कडेला होती. मी बोट दाखवलं. त्यांनी ट्रॉलीकडं एकदा पाहिलं, शब्द खोडला, वर 'एडगडे' लिहिलं, शेजारी छोटी सही केली आणि पुढं वाचायला लागले. अर्ध्या मिनिटाचं काम. तो शब्द तसाच राहिला असता तर कागदोपत्री मी चुकीच्या बाजूनं जाऊन धडकलेला ठरलो असतो.

तेव्हा वाचून दाखवायला सांगा. लाजू नका, भांडूही नका, आणि भाषेचा वाद त्या रस्त्यावर तर मुळीच काढू नका. बहुतेक पोलिसांना मराठी कळतं, बरेच जण बोलतातही. कन्नड वाचणारा मित्र असेल तर त्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा. फिर्याद तुम्ही देत असाल तर ती मराठीत किंवा इंग्रजीत लिहून द्या आणि पोच घ्या. तुम्ही फिर्यादी असाल तर एफआयआरची प्रत मोफत मिळते. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर तुमची सही घ्यायचीच नसते, असं कायद्यातच आहे. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

माझ्यावर केस होईल का? अटक होते का?

कुणी जखमी झालं आणि चूक तुमची दिसली तर गुन्हा नोंद होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. बेदरकार गाडी चालवल्याबद्दल कलम २८१, इजा किंवा गंभीर इजेबद्दल १२५, मृत्यू झाला तर १०६(१), ज्यात ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ही कलमं जामीनपात्र आहेत, म्हणजे स्टेशनवरच जामीन होऊ शकतो. मृत्यू झाला असेल तर पहिल्या तासातच वकील गाठा, माझं पान वाचत बसू नका.

येताना एकच बिअर घेतली होती...

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा. ओलांडलीत तर गाडीच्या नुकसानीचा विमा गेला, भाड्याच्या करारातलं संरक्षण गेलं, आणि पूर्ण गाडीची रक्कम तुमच्या नावावर. पुढचा प्रश्न.

गाडी कंपनीला कधी कळवायचं?

माणसं आणि पोलीस झाले की लगेच. नुसता फोन पुरत नाही, मेसेज टाका म्हणजे वेळ नोंदली जाते. विमा कंपनीला कळवणं, नुकसान तपासणारा सर्व्हेअर बोलावणं हे काम गाडीमालकाचं, पण ते तुमच्या मेसेजपासून सुरू होतं. सर्व्हेअर बघायच्या आत ओळखीच्या गॅरेजला नेऊन 'जरा ठोकून घेऊ' हे करू नका. उद्यमबागेत कितीही चांगला डेंटर असला तरी तो दावा तिथंच संपतो.

काळी पाटी, पांढरी पाटी. काय फरक पडतो?

फार. स्वतः चालवायला भाड्यानं द्यायच्या परवानाधारक गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. त्यामागं १९८९ ची रेंट-अ-कॅब योजना आहे. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. 'ओळखीतली आहे, दिवसाला पंधराशे द्या' म्हणून मिळते ती बहुतेक हीच. खासगी विम्यात गाडी भाड्यानं द्यायला मुभा नसते. अपघात झाला की गाडीच्या दुरुस्तीचा दावा नाकारला जाण्याची दाट शक्यता. तिसऱ्या माणसाला भरपाई देऊन विमा कंपनी ती मालकाकडून वसूल करू शकते, आणि मालक तुमच्या दारात येतो. मग मालक सांगतो, 'पोलिसांना मित्राची गाडी आहे म्हण.' हे म्हणू नका. गुगल पेवरचा पंधराशेचा व्यवहार कुणीही काढतं.

गोव्याच्या काळ्या पाटीबद्दल आणखी एक. गाडी राज्याबाहेर न्यायची मुभा आहे का, ते करारात पाहा. नसेल आणि तुम्ही ती घेऊन बेळगावला लग्नाला आलात, तर ओरखड्याचाही पूर्ण खर्च तुमचा.

विमा आहे ना? मग माझे पैसे का जातात?

ट्रॉलीला धडकलो त्या संध्याकाळी माझ्या गाडीची नंबरप्लेट तुटून रस्त्यावर पडली होती. ट्रॅक्टरवाले मामा उतरले, पाटी उचलली, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली आणि उजेडात धरून म्हणाले, 'काळी पाटी? भाड्याची काय की ही? मग तुमचं काय जातंय!'

मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. मग बिल आलं. साध्या सर्वसमावेशक विम्यात सुटे भाग बदलले की घसारा, म्हणजे वापरानं उतरलेली किंमत, कापतात. प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर काही नाही, आणि लोखंडी पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणं. आता समोरून धडकलेल्या गाडीचं काय फुटतं ते आठवा. बंपर प्लॅस्टिकचा, ग्रिल प्लॅस्टिकची, दिव्याचं घरही प्लॅस्टिकचं. म्हणजे निम्मे पैसे विमा देणार आणि निम्मे गाडीची कंपनी तुमच्या डिपॉझिटमधून काढणार. वर प्रत्येक दाव्यामागची सक्तीची वजावट, म्हणजे विमा देतच नाही तो ठरावीक भाग. झिरो डेप असेल तर घसारा वाचतो, म्हणून गाडी घेतानाच विचारा.

तिसरी रक्कम लोकांच्या लक्षातच येत नाही. गाडी गॅरेजात उभी राहिलेल्या दिवसांचं भाडं. माझ्या कराराच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात ते होतं. गाडी दोन आठवडे उभी होती, आणि ती रक्कम बंपरपेक्षा मोठी निघाली.

मला स्वतःला लागलं तर?

इथं बहुतेकांचा गैरसमज असतो. थर्ड पार्टी विमा दुसऱ्यांसाठी आहे. गाडीच्या मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच असतं, पण तुम्ही मालक नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं प्रकरण गेलं होतं. उसनी मोटारसायकल घेऊन निघालेला माणूस पुढच्या बैलगाडीवर आदळून गेला. न्यायालय म्हणालं, दुसऱ्याची गाडी चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, त्यामुळं चूक कुणाची हे न पाहता मिळणारी भरपाई त्याच्या वारसांना त्याच गाडीच्या विम्यातून मागता येत नाही. समोरच्याची चूक असेल तर त्याच्या विम्यावर दावा करता येतो, ते वेगळं. म्हणून स्वतःचा अपघात विमा असू द्या. कंपनी भाडं घेताना चालकाच्या कवचाचे शे-दोनशे मागत असेल तर तिथं कंजुषी नको.

करारात माझं नाव, चालवत होता मेहुणा.

मेहुण्याचं लायसन्स वैध असलं तरी त्याचं नाव करारात घातलेलं नसेल तर कंपनी अंग काढून घेते. पोलिसांना मात्र खरं तेच सांगा. 'मीच चालवत होतो' हा त्याग टोल नाक्याच्या कॅमेऱ्यात उघडा पडतो.

उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलो. चूक कुणाची?

हंगामात दिवस मावळला की निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी, सगळीकडं हा प्रश्न रस्त्यावर चालत असतो. जोड ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर नाही, आणि दिवा असलाच तर लोंबणाऱ्या वाड्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याखाली, झाकलेला. मला ती दिसली तेव्हा हेडलाईटमध्ये नुसती हिरवट भिंत होती. ब्रेक लागला, गाडी थांबली असं वाटलं, आणि मग बॉनेटवर ऊस पडू लागले. आधी एक, मग दोन, मग सगळा बोजा कलंडल्यासारखा. मेहुण्याच्या कपाळाला तीन टाके पडले.

मागून धडकणाऱ्यावर पहिला संशय येतो. पण बिनदिव्याची ट्रॉली उभी करणाऱ्याचीही निष्काळजी धरली जाते, आणि न्यायाधिकरण दोघांत वाटणी करू शकतं. त्यासाठी पुरावा लागतो, तो म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या बाजूचा फोटो, अंधारात, फ्लॅश न लावता आणि लावून. दुसऱ्या दिवशी तिथं नवा कोरा लाल रिफ्लेक्टर चिकटवलेला असतो. ट्रॉलीचा नंबर वेगळा आणि ट्रॅक्टरचा वेगळा, दोन्ही टिपा.

गवा आडवा आला तर?

खानापूर-हेम्माडगा आणि चोर्ल्याच्या रस्त्याला होतंच. सर्वसमावेशक विम्यात हे नुकसान बसतं. वनखात्याला आणि पोलिसांना कळवा. जखमी गव्याजवळ फोटो काढायला जाऊ नका, तो उठतो.

गाडी पोलीस स्टेशनात आहे. सोडवायची कुणी?

मालकानं. आरसी ज्याच्या नावावर, अर्ज त्याचा. मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी झाल्यावर गाडी सुटते, कधी त्यासाठी कोर्टाचा आदेश लागतो. कंपनीचा माणूस पुण्याहून किंवा म्हापशाहून 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणत बसला तर उभ्या गाडीचं भाडं तुमच्यावर लावू देऊ नका. तपासणी पूर्ण झाल्याची तारीख कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. लायसन्स पोलिसांनी ठेवून घेतलं तर पोचपावती मागा.

कंपनी डिपॉझिट देत नाही, बिलही दाखवत नाही.

आधी लेखी मागा. सर्व्हेअरचा अहवाल, गॅरेजचं अंतिम बिल आणि विमा कंपनीनं किती दिले त्याचा कागद. विम्यानं दिलेली रक्कम तुमच्याकडून परत घेता येत नाही. माझ्याकडून घेतली होती. तीन ईमेलनंतर परत आली. नाही आली तर ग्राहक हेल्पलाईन १९१५, आणि पुढं जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच, म्हणजे बेळगावात, तक्रार करता येते. मुदत २ वर्षं.

पुढच्या वेळी गाडी उचलताना काय बघू?

आरसी, विमा, परवाना, पीयूसी यांचे फोटो. विम्याच्या कागदावरची शेवटची तारीख. चारही बाजूंचा व्हिडिओ, खाली वाकून बंपरच्या तळाचाही. तिथले जुने ओरखडे कुणी दाखवत नाही. डिजिलॉकरमध्ये लायसन्स. आणि धडकेत पाटी पडली तर रस्त्यावर सोडून येऊ नका. हाय सिक्युरिटी पाटी कोपऱ्यावरच्या रेडियमवाल्याकडं बनत नाही, आणि कंपनी तिचे पैसेही लावते. माझे तेवढे वाचले, कारण मामांनी ती पुसून हातात दिली होती.